बाहुलीचा मुक्काम

"मॅडम, यातली एक बाहुली आठ दिवस माझ्याकडे ठेवू का?"

तालुक्याच्या सभागृहात दोन दिवसांचं प्रशिक्षण नुकतंच आटोपलं होतं. जन्मलेलं बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, एवढाच विषय. शेवटची चाचणी झाली, प्रमाणपत्रं वाटून झाली, फलकासमोर उभं राहून फोटो झाला आणि एसटी चुकू नये म्हणून सगळ्याजणी भराभर पायऱ्या उतरल्या. मी मागच्या ओट्यावर बेसिनपाशी सरावाच्या बाहुल्यांमधलं पाणी काढत होते. फिनेल, दुपारचा मसालेभात आणि नवं प्लास्टिक यांचा मिळून एक वास अजून तिथे रेंगाळत होता. ही आरोग्य सेविका खांद्याला पिशवी अडकवून दाराशीच थांबलेली. घाटाखालच्या एका उपकेंद्रावर ती असते. "माझ्याकडे महिन्याला तीन-चार डिलिव्हऱ्या होतात. आज हात बसलाय, पण पुढच्या महिन्यात राहील का सांगता येत नाही. कपाटात कुलूप लावून ठेवीन. मीटिंगला येईन तेव्हा परत आणते." एवढं सगळं ती एका दमात बोलली. बोलायचं की नाही याचा विचार तिने दिवसभर केला असणार.

साहित्य सांभाळणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वही उघडून दाखवली: बाहुल्या चार, अंबू बॅगा (हाताने दाबून हवा देण्याच्या) चार, मास्क आठ. सगळं डेडस्टॉकवर चढवलेलं. संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला जमा व्हायला हवं, कारण पुढची बॅच दुसऱ्या तालुक्यात. एखादा मास्क गहाळ झाला तर तो त्यांच्या नावावर. तिने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, आणि एसटीचा हॉर्न वाजला तशी पळाली. बाहुल्या घडी घालून खोक्यात गेल्या. वरून चिकटपट्टी लागली. खोकं जीपमध्ये चढलं.

घरी आल्यावरही ते खोकं माझ्या डोक्यातून जाईना.

या बाहुलीविषयी थोडं सांगायला हवं. ती हवा भरलेली असते आणि हवी तर पाण्यानेही भरता येते. कोमट पाणी भरलं की तिला खऱ्या बाळासारखं वजन येतं, मान तशीच लुळी पडते, हातात घेतल्यावर अंगाला ऊब लागते. नळीच्या टोकाला रबरी फुगे असतात. एक दाबला की नाळेत ठोके लागतात, दुसरा दाबला की छाती हलते. बाळ निपचित आहे असं दाखवायचं असेल तर शिकवणारीने फुगे सोडून द्यायचे. बाहुली गप्प पडते. बघणाऱ्या बायका त्या क्षणी खरोखर गंभीर होतात. ही नॉर्वेच्या लेअरडाल कंपनीची. कंपनीचा मूळ पुरुष ओस्मुंड लेअरडाल खेळणी आणि बाहुल्या बनवायचा. १९६० साली त्याने तोंडाने श्वास देण्याचा सराव करण्यासाठी मोठ्या माणसाच्या आकाराची पहिली बाहुली बनवली, आणि तेव्हापासून जगभर लाखो लोक तिच्यावर शिकले. नवजात बाळाची ही स्वस्त, घडी होणारी बाहुली २०१०च्या आसपास आली, ती मुद्दाम आपल्यासारख्या देशांसाठी. जिथे वीज जाते, रस्ता संपतो आणि बाळंतपण एकटीच्या अंगावर पडतं, तिथे न्यायला सोपी म्हणून ती तशी बनवली. खांद्यावरच्या झोळीत मावावी हाच तर तिचा गुण. आणि आमच्याकडे ती जिल्ह्याच्या स्टोअरात राहते.

त्या दोन दिवसांत या सेविकेचा हात मी जवळून पाहिला होता. पहिल्या दिवशी तिचा मास्क बसतच नव्हता. हनुवटीकडून हवा निसटायची, फुस्स असा आवाज यायचा आणि बाहुलीची छाती तशीच सपाट. ती बॅग आणखी जोरात दाबायची. सगळ्याच दाबतात, घाबरलेला हात जोर लावतो. मी तिला बांगड्या रबराने वर बांधायला लावल्या आणि म्हटलं, बॅग खाली ठेव, आधी नुसता मास्क धर. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, मऊ मांसावर दाब नको. खांद्याखाली फडक्याची छोटी घडी, मान किंचित मागे, फार नाही. मास्क हनुवटीवर आधी टेकवायचा, मग नाकावर आणायचा, डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही. मग बॅग. "दाबा, दोन, तीन. दाबा, दोन, तीन." मिनिटाला चाळीस ते साठ. छाती उचलली गेली नाही तर मास्क पुन्हा बसव, मान पुन्हा बघ, आधी तोंड आणि मग नाक साफ कर, तोंड जरा उघडं ठेव, मग थोडा जोर वाढव. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर केव्हातरी बाहुलीची छाती पहिल्यांदा नीट वर आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. ती फक्त त्या छातीकडे बघत बॅग दाबत राहिली, मी "पुरे" म्हटल्यावरही.

तिची भीती रास्त होती, हे सांगायला मोठी आकडेमोड लागत नाही. जन्माला येणाऱ्या शंभर बाळांतली साधारण दहा बाळं श्वास सुरू करायला थोडी मदत मागतात. त्यातली बरीचशी नीट पुसून, पाठ चोळून, तोंड साफ करूनच रडतात. बॅग आणि मास्क लागतो तो शंभरातल्या तीन ते सहा बाळांना. आता तिच्या उपकेंद्राचा हिशोब करा. महिन्याला तीन-चार, म्हणजे वर्षाला चाळीसेक बाळंतपणं. त्यात बॅगेची वेळ येणार वर्षातून एकदा, फार तर दोनदा. ती कधी येणार, रात्री की पहाटे, लाईट असताना की गेलेली असताना, कुणाला ठाऊक नाही. मोठ्या रुग्णालयातल्या नर्सचा हात रोजच्या कामानेच तयार राहतो. हिच्या हाताला सराव मिळेल असं कामच फारसं नाही, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी तिच्या हातात एक मिनिट असेल. म्हणजे ज्या ठिकाणी बाळंतपणं कमी, तिथे बाहुलीची गरज जास्त. आपण वाटप नेमकं उलट करतो. बाहुल्या, प्रशिक्षक आणि सराव-कक्ष सगळं जिल्ह्याला, कारण तिथे इमारत आहे, गाडी आहे आणि कुलूप लावायला खोली आहे.

भाकरी थापायला आपण कुणी दोन दिवसांच्या शिबिरात शिकलो नाही.

मी शिकले तेव्हा नर्सिंग स्कूलमध्ये काचेच्या कपाटात एक बाहुली आणि कंबरेच्या हाडांचा सांगाडा होता. बाळ कसं वळतं, खांदा कसा फिरतो, हे ट्यूटर बाई तो सांगाडा मांडीवर घेऊन दाखवायच्या. आम्ही लांबून बघायचो. तास संपला की कपाटाला कुलूप आणि किल्ली बाईंच्या कमरेला. परीक्षेच्या दिवशी ती बाहुली पहिल्यांदा हातात आली, कापडाची, आत भुसा भरलेली, पुष्कळ हातांनी तेलकट झालेली. तेव्हाही मला वाटलं होतं की हिला आधी भेटायला हवं होतं.

खरं शिकले ते नाइट ड्युटीवर. आमच्या लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर मोठ्या करड्या होत्या. पहिल्या आठवड्यात त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पण रात्री दोनच्या राउंडनंतर, सगळ्या टेबलांवर शांतता असली, मावशी भिंतीला टेकून डुलक्या घेत असल्या की त्या हाक मारायच्या, "चल, बॅग घे." टॉवेलची गुंडाळी करून तिला फडक्याचं डोकं बांधायच्या आणि मला मास्क धरायला लावायच्या. कधी मास्क माझ्याच तळहातावर दाबून म्हणायच्या, "हवा कुठून निसटते ते हाताला कळू दे." पाच मिनिटांच्या वर हा प्रकार कधी चालला नाही. त्याला त्या शिकवणं म्हणायच्या नाहीत, मीही म्हणत नसे. मग एका रात्री गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन आलेलं, निळसर, अंग टाकलेलं एक बाळ माझ्या हातात आलं. पुसलं, चोळलं, काही नाही. मी मास्क बसवला. सिस्टर माझ्या मागे उभ्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या कोपरावर होता. बॅग त्यांनी माझ्या हातून घेतली नाही. घेतली असती तर बाळ कदाचित थोडं आधी रडलं असतं, कदाचित नाही. त्या फक्त मोजत राहिल्या, "दाब, दोन, तीन," आणि त्यांचा आवाज कुठेही चढला नाही. बाळाने आधी एक उचकी दिली, मग कण्हलं, मग रडलं. सिस्टर म्हणाल्या, "आईला दाखव," आणि रजिस्टर भरायला निघून गेल्या.

पुढे मी स्वतः सिस्टर ट्यूटर झाले, शेकडो मुलींना शिकवलं. पण कोपरावरचा तो हात मला कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेला सापडला नाही.

आपल्याकडे मात्र तो हात ओळखणारी माणसं होऊन गेली, आणि आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून जे उभं केलं त्याविषयी मराठी वाचकाला मी काय सांगावं? गावातल्या निरक्षर बायका, त्यांतल्या बऱ्याच दलित, आरोग्याचं काम शिकल्या आणि गावाचा चेहरा बदलला, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट सतत आठवते. त्या बायका एकदा शिकून घरी गेल्या नाहीत. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, आठवड्यात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या, नवं थोडं शिकायच्या आणि परत जायच्या. शिवाय केंद्राचं पथक त्यांच्या गावात जायचं ते वेगळंच. वर्षानुवर्षं. गडचिरोलीचंही तसंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला खेड्यातली बाई जेंटामायसिनचं इंजेक्शन देते, हे काहींना पटेचना. सगळ्यांचं लक्ष त्या इंजेक्शनकडे गेलं. पण त्या आरोग्यदूतांच्या गावात दर पंधरवड्याला देखरेख करणारं माणूस जात होतं, त्यांच्या नोंदी बघत होतं, त्यांच्याबरोबर बाळ बघायला घरात शिरत होतं. ही ओळ निबंधात होती, चर्चेत मात्र आली नाही.

त्याच्याही आधी बंगांनी सुईणींसाठी श्वास मोजण्याचं एक साधन बनवलं होतं. ते मला फार आवडतं. दहा-बारापुढे मोजता न येणाऱ्या सुईणीला बाळाचे मिनिटातले श्वास कसे मोजता यावेत? एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, त्याहून मोठ्याला पन्नास, म्हणून मण्यांच्या ओळी दोन. हे ज्याने बनवलं तो त्या सुईणीजवळ बसला असणार, ती कुठे अडते ते त्याने पाहिलं असणार. सभागृहात, माईक हातात धरून, हे सुचत नाही.

टांझानियातल्या हायडोम गावच्या रुग्णालयाची हकिगत मी वाचली तेव्हा निवृत्त होऊन बसले होते, आणि वाचताना मला आमच्या सिस्टर दिसत होत्या. खेड्यातलं मोठं मिशन हॉस्पिटल. २०१०मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना याच बाहुलीवर एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. त्याआधी आणि नंतर निरीक्षकांनी लेबर रूममध्ये उभं राहून नोंदी घेतल्या. बाहुलीवर सगळ्यांचे हात सुधारले. खऱ्या बाळांच्या वेळी जे घडत होतं त्यात फरक पडला नाही. संशोधकांनी हे लपवलं नाही, सरळ छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पुढे त्यांनी पद्धत बदलली. बाहुली लेबर रूममध्येच ठेवली. आठवड्यातून तीन ते पाच मिनिटं सराव, ड्युटीवर असतानाच, आणि महिन्यातून एकदा थोडा मोठा. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू हजारी ११.१ होते, ते ७.२ झाले. यंत्रं तीच, माणसं तीच. बाहुलीचा मुक्काम बदलला, आणि कुणीतरी दर आठवड्याला "चल, बॅग घे" म्हणू लागलं.

एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल की उत्तर मिळालं. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. मग उत्तर प्रदेशातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष हाती आले. २४ जिल्हे, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून अधिक माता. तिथे सुरक्षित बाळंतपणासाठी करायच्या गोष्टींची यादी दिली आणि सोबत आठ महिने मार्गदर्शक नर्सेस पाठवल्या, आधी वारंवार, मग हळूहळू कमी. म्हणजे मी ज्याच्यासाठी भांडते तेच केलं होतं. कामाची पद्धत खरोखर सुधारली. करायला हव्यात त्या गोष्टींपैकी सुमारे ७३ टक्के गोष्टी होऊ लागल्या, तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्केच होत होत्या. मार्गदर्शकांचं येणं थांबल्यावर बाराव्या महिन्यात हाच आकडा ६२च्या आसपास उतरला. आणि बाळांच्या, आयांच्या मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक दिसलाच नाही. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. तो निबंध मी पुन्हा पुन्हा वाचला. नुसतं कुणी येत राहिलं म्हणून बाळं वाचतात असं नाही, हे मला मान्य करावं लागतं. रक्त, औषध, रात्री चालणारी गाडी, पुढच्या रुग्णालयात जागता डॉक्टर, हेही लागतं. शिवाय यादीतली खूण करणं वेगळं आणि मास्क हनुवटीवर बसणं वेगळं. तरीही त्या ७३चे ६२ झाले, ते मार्गदर्शकांचं येणं थांबल्यावर. हे मला विसरता येत नाही.

एका उपकेंद्रावर मी मागे ओळखीच्या आरोग्य सेविकेबरोबर सहज गेले होते. प्रशिक्षण वगैरे काही नव्हतं. चहा झाल्यावर म्हटलं, बॅग दाखव बघू. बॅग कपाटात होती. कपाटाची किल्ली दुसऱ्या सिस्टरकडे, आणि त्या रजेवर. शेजारून किल्ली मागवली. बॅग मूळ प्लास्टिकच्या पिशवीतच, पिशवीचं तोंड अजून चिकटवलेलं. काढली तर पावसाळी ओलीने रबर चिकट झालेलं, आणि झडप उलटी बसवलेली. दाबली की हवा मास्ककडे जाण्याऐवजी मागून निघून जायची. मास्क एकच, मोठ्या बाळाच्या मापाचा. कमी वजनाच्या बाळाला तो डोळ्यांपर्यंत आला असता. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं, कारण प्रशिक्षणात तिच्या हातात दिलेली बॅग चांगली होती. आम्ही दोघींनी झडप सुलटी केली, रबर साबणाने धुऊन वाळवलं, बॅग वॉर्मरशेजारी खिळ्याला टांगली. चाचणीत तिला वीसपैकी अठरा मिळाले होते. त्या अठरा गुणांना ही झडप दिसत नव्हती.

आणि हे बघायला जायचं काम कुणाचं, तर ते पदही आपल्याकडे आहे. आरोग्य सहाय्यिका. पाच-सहा उपकेंद्रं तिच्याकडे, तिने फिरायचं, सेविकेजवळ बसायचं, चुकतं तिथे हात धरायचा. कागदावर इतकी सुंदर योजना क्वचित असते. प्रत्यक्षात तिचा दिवस अहवालात जातो. मोबाईलवरचे तक्ते, लसीकरणाचे आकडे, मोहिमा, तातडीच्या मीटिंगा. माझ्या ओळखीतल्या एक सहाय्यिका म्हणाल्या, "सिस्टर, मी उपकेंद्रावर जाते ती सह्या घ्यायला. बाळ बघायला जाऊन किती दिवस झाले, आठवत नाही." बोलताना त्यांचा गळा दाटला. चांगलं काम येणाऱ्या बाईला ते करू न देणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि त्या बाळांवरही.

प्रशिक्षणाची दोन दिवसांची शिबिरं नकोतच, असं मला म्हणायचं नाही. उलट मला ती मनापासून आवडतात. वर्षभर एकटीने उपकेंद्र ओढणाऱ्या बाया एकत्र जमतात, डब्यातली चटणी वाटून खातात, "तुझ्याकडे पण असंच होतं का गं?" म्हणतात. वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली सेविका त्यांनाच मास्क कसा धरायचा ते दाखवते आणि ते बघतात. हे मोलाचं आहे. पण पैसा सगळा इथेच संपतो. सरकारचा असो, परदेशी संस्थेचा असो, कंपनीच्या सामाजिक निधीचा असो, अंदाजपत्रकात सभागृह असतं, जेवण असतं, भत्ता, फलक, पिशव्या, प्रमाणपत्रं असतात. शेवटी एक आकडा असतो, इतक्या जणी प्रशिक्षित. आफ्रिकेत काम केलेल्या नर्सेस सांगतात तेव्हा तिथलंही अंदाजपत्रक ओळी न ओळ हेच असतं. प्रशिक्षणानंतरच्या सहाव्या महिन्यात, पाऊस पडत असताना, त्या दारात जाणाऱ्या माणसाच्या एसटीच्या तिकिटाला त्यात रकाना नसतो. रकाना नसला की माणूसही जात नाही.

यंदा आमच्या नर्सिंग स्कूलच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विषय निघाला. आमच्यातल्या बऱ्याचजणी मस्कतला, इंग्लंडला गेल्या, आता निवृत्तीला आल्या आहेत. गावाकडच्या सिस्टरांसाठी काहीतरी करूया म्हणून त्यांनी पैसे जमवले आणि मला विचारलं, मोठं प्रशिक्षण घेशील का, आम्ही सगळा खर्च देतो. मी त्यांना दुसरंच अंदाजपत्रक पाठवलं. सभागृह नाही. एका तालुक्यातल्या बाळंतपणं होणाऱ्या उपकेंद्रांना एकेक बाहुली, तिथेच राहणारी, उपकेंद्राच्याच नावावर चढवलेली. दोन्ही मापांचे मास्क, झडपा जादा. आणि आमच्यासारख्या निवृत्त सिस्टरांना महिन्यातून एकदा तिथे जायला प्रवासखर्च, निदान दोन वर्षं. गटावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकीने विचारलं, "म्हणजे एकूण किती जणी प्रशिक्षित होणार?" मी लिहिलं, पहिल्या महिन्यात ज्या असतील त्याच, चोविसाव्या महिन्यातही त्याच. इंग्लंडमधली मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे लेबर वॉर्डमध्येच दर वर्षी सराव सक्तीचा आहे, चुकवला तर विचारणा होते. तिकडच्या मुलींना आपण एकदाच का शिकवायचं? त्यावर थोडा वाद झाला. देणगीदारांना दाखवायला फोटो तरी हवा, असं एकीचं म्हणणं. तेही खोटं नाही. पैसे तिच्या हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांकडून जमा झालेत आणि त्यांना काहीतरी दिसायला हवं.

शेवटी बाहुल्या मंजूर झाल्या, मास्क मंजूर झाले, प्रवासखर्च एका वर्षाचा मिळाला. दुसऱ्या वर्षाचं तेव्हा बघू, असं ठरलं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तोंडी होकार दिलाय, लेखी पत्र यायचंय. त्यांची अट एकच, आम्ही जाऊ त्या दिवशी आरोग्य सहाय्यिकेनेही सोबत यायचं. ही अट मला फार आवडली. दोघी निवृत्त सिस्टर तयार आहेत, तिसरीचे गुडघे दुखतात, ती रस्त्यालगतची उपकेंद्रं घेईल. घाटाखालच्या काही उपकेंद्रांचा रस्ता पावसाळ्यात ओढ्याखाली जातो, म्हणून तिकडच्या पहिल्या फेऱ्या मेअखेर उरकायच्या आणि पुढे सप्टेंबरपर्यंत फोनवर व्हिडिओ लावून सराव घ्यायचा, असं सध्या मनात आहे. तिथे लेबर रूममध्ये रेंज मिळते की ओट्यावर यावं लागतं, ते या आठवड्यात एकेकीला फोन करून विचारायचं आहे.